लोणा लागलेली भिंत

जुन्या घरात राहणाऱ्याला लोणा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. भिंतीच्या पायथ्याशी, जमिनीपासून हात-दीड हातावर, पांढरी भुकटी उगवते. आधी रंग फुगतो, मग पापुद्रे सुटतात आणि एखाद्या दिवशी गिलाव्याचा पोपडा दस्तरख्वानाशेजारी येऊन पडतो. घरातली बाई रोज झाडून काढते. घरधनी ईदेच्या आधी त्यावर नवा रंग मारून घेतो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

आमच्या गेवराईत अशी घरं अजून पुष्कळ आहेत. धुळे-सोलापूर रस्त्याच्या कडेला गाव नवं झालं. आतल्या गल्ल्यांमध्ये मात्र दोन-अडीच फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, चार-सहा खणांचं माळवद आणि वर पांढऱ्या मातीचा थर, असं अजून दिसतं. या घरांची दुरुस्ती म्हणजे काय, तर सिमेंट. भेग पडली, सिमेंट. पोपडा पडला, सिमेंट. लोणा फारच वर चढला तर त्यावर फरशा.

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या जुन्या दालनाचंही हेच झालं. दालन दगडाचं, चुन्यात बांधलेलं. वीसेक वर्षांपूर्वी जमातीने वर्गणी काढून आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला, खाली चार फूट तेलरंग दिला. नंतर तोही सोलून निघायला लागला म्हणून फरशा बसवल्या. आता ओल फरशांच्या वर निघाली आहे. मागच्या वर्षी असरच्या नमाजनंतर बैठक झाली, तिच्यात दोन तट पडले. तरुण मंडळी म्हणाली, पाडा आणि स्लॅब टाका. बुजुर्ग म्हणाले, ज्या भिंतींनी आमच्या आजोबांची नमाज पाहिली त्यांना हात लावू नका. दोन्हीकडचा आवाज चढला तेव्हा कोणीतरी आमच्याकडे बोट दाखवलं : सर वाचतात-लिहितात, त्यांना बघू द्या. आमचा विषय भाषा. उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाने भिंतीबद्दल काय सांगावं? पण बैठकीत नाही म्हणता आलं नाही, आणि त्या निमित्ताने वर्षभर जे विचारलं, वाचलं, पाहिलं ते वाचकांपुढे ठेवतो आहोत, कारण हा प्रश्न एका मशिदीचा नाही. ज्यांच्या घराला दगड-मातीची भिंत आहे त्या सगळ्यांचा आहे.

आधी लोण्याचं कारण समजून घेऊ. दिव्याची वात जसं तेल ओढते तशी दगड-मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. पूर्वीच्या जोत्यांत ओल अडवणारा थर नसे. तो नसला तरी चालत असे, कारण भिंतीवर मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असायचा. त्या गिलाव्याला बारीक छिद्रं असतात. ओल त्यातून बाहेर येऊन हवेत उडून जायची आणि पाण्यात विरघळलेला क्षार भुकटी होऊन वर बसायचा. झाडूने तो निघायचा. दोन-चार वर्षांनी सफेदीचा हात फिरला की झालं.

सिमेंटचा गिलावा घट्ट असतो. त्याच्या मागे अडकलेलं पाणी सहज सुकत नाही. वाट मिळेल तिकडे, म्हणजे आणखी वर, ते चढत जातं. क्षार गिलाव्याच्या मागे जमतो, तिथे त्याचे खडे बनतात आणि ते खडे गिलाव्याला आतून ढकलतात. दगडाला काही होत नाही, पण दगडांमधली माती भुसभुशीत होते. याहून वाईट म्हणजे भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं. ती कायम ओलीत राहिली की कुजतात आणि बाहेरून कळत नाही. आमच्या दालनात फरशांच्या वरचा गिलावा काढला तेव्हा दोन तुळयांची टोकं स्क्रू-ड्रायव्हरने टोचली तर आत जात होती. त्यांच्याच खाली पहिली सफ उभी राहते.

सिमेंट वाईट आहे असं आम्हाला म्हणायचं नाही. नव्या विटेच्या, काँक्रीटच्या घराला ते ठीकच आहे. मऊ भिंतीवर कडक कातडं चढवलं की असं होतं, एवढाच मुद्दा.

आता चुन्याकडे येऊ. शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी आम्हाला फळ्यावर मांडून दाखवलं ते इथे सांगतो. चुनखडी सुमारे ९०० अंश तापमानाला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो वायू उडून जातो. त्या चुन्यात पाणी ओतलं की तो उकळतो, फुटतो, विझतो. तो विझलेला चुना वाळूत कालवून भिंतीवर लावला की हवेतला तोच वायू तो हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे भिंतीवर शेवटी जे राहतं तो एक प्रकारचा दगडच. फक्त हे व्हायला सिमेंटसारखे तास नाही, महिने लागतात, आणि पूर्ण व्हायला वर्षंही. घाई असलेल्या माणसाने चुन्याच्या वाटेला जाऊ नये.

मराठवाड्यातला चुना आणखी एका गोष्टीने वेगळा. आपली जमीन काळ्या दगडाची. चंद्रपूर-यवतमाळसारखे चुनखडीचे मोठे थर इथे नाहीत. इथे काळ्या मातीत आणि ओढ्याकाठी चुनखडीचे खडे सापडतात, तेच वेचून भट्टीत भाजायचे. लोणारी समाजाचा हा पिढीजात धंदा. या खड्यांत थोडी माती मिसळलेली असते, त्यामुळे त्यांचा चुना ओलीतही बऱ्यापैकी धरतो. त्यात विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, घातली की पाण्याखालीही टिकतो. बीडची खजाना बावडी याची साक्ष आहे. निजामशाहीत, सोळाव्या शतकात, सलाबत खानाच्या काळात ती झाली. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे औरंगाबादला, पाणी आणणारी नहर बांधली ती सिमेंट जन्माला येण्याच्या दोनशे वर्षं आधी. आपण ज्याला आज सिमेंट म्हणतो त्या पोर्टलँड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ साली निघालं.

बीबी का मकबरा पाहायला शाळेच्या सहली जातात. मुलांना सांगितलं जातं की तो संगमरवरी आहे. तो सगळा संगमरवरी नाही. भिंतींच्या खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला संगमरवर आहे; मधलं बांधकाम आपल्याच काळ्या दगडाचं, आणि त्यावर चुन्याचा इतका घोटलेला गिलावा की लांबून नजर फसते. गरिबाचा ताजमहाल म्हणून त्याला हिणवणाऱ्यांनी तो गिलावा कधी हाताने चाचपून पाहिलेला नसतो. सहलीला गेलात तर मुलांना ही मधली भिंत दाखवा.

भाषेच्या माणसाला इथे थोडं थांबू द्या. फारसीत ‘गच’ म्हणजे भिंतीला लावायचा लेप. त्यावरून मराठीत चुनेगच्ची आली आणि आपण ज्या गच्चीवर पापड वाळवतो ती गच्चीही त्यातलीच. ‘गिलावा’ हाही फारसी, ‘गिल’ म्हणजे माती आणि ‘आब’ म्हणजे पाणी. ‘सुरखी’ तिच्या लाल रंगामुळे सुरखी. हे शब्द गवंड्यांच्या तोंडातून आपल्या घरात आले. हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात मस्जिद-ए-नबवीची वाढ झाली तेव्हा भिंतींना कोरीव दगड आणि गच, छताला साग वापरल्याचं बुखारी शरीफमध्ये आलं आहे. त्याआधी तीच मशीद कच्च्या विटांची, खजुराच्या खोडांची आणि झावळ्यांच्या छताची होती.

पण नुसता चुना वाळताना आकसतो, त्याला बारीक भेगा पडतात. म्हणून त्यात काहीतरी तंतू घालायचा. कुठे शेळीचे केस, कुठे भाताचं तूस, कुठे गव्हाचा भुसा. आणि वेरूळला भांग.

हे ऐकून आमच्या कमिटीतले एक बुजुर्ग ‘तौबा तौबा’ म्हणत उठायलाच निघाले होते. वेरूळची गोष्ट अशी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ मॅनेजर राजदेव सिंग आणि औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात त्यांना भांगेच्या झाडाचे तुकडे, तंतू आणि पानं मिळाली. ताडून पाहण्यासाठी ताजं झाड हवं होतं, ते त्यांनी जालन्याकडून आणि दिल्लीच्या आसपासहून मिळवलं. हा अभ्यास २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. दौलताबादच्या किल्ल्यातल्या गिलाव्यातही हे झाड वापरल्याचं त्यांनी दाखवून दिलं. त्यांचं म्हणणं असं की माती किंवा चुन्यात साधारण दहा टक्के भांग मिसळल्यामुळे वेरूळचा गिलावा दीड हजार वर्षं टिकला, त्याला कीड लागली नाही; अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नव्हती आणि तिथली चित्रं किड्यांनी बरीच खाल्ली.

आम्हाला स्वतःला या तुलनेचा दुसरा भाग थोडा ताणलेला वाटतो. अजिंठ्याची दरी वेगळी, तिथली ओल वेगळी, वटवाघळांचा त्रास वेगळा. सगळं श्रेय एका झाडाला देता येईल का, हे तज्ज्ञांनी ठरवावं. पण आपल्या शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या परिसरात एखाद्या कारागिराने सहाव्या-सातव्या शतकात मातीत काय घालावं हे इतकं नेमकं ओळखलं होतं, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवी होती.

मराठी वर्तमानपत्रांनी त्या वेळी या ‘हेम्प’चं भाषांतर कुठे ताग, कुठे गांजा, कुठे अंबाडी केलं आणि गोंधळ झाला. तिन्ही झाडं वेगळी. ताग हे शेंगवर्गातलं, पिवळ्या फुलांचं. शेतकरी हिरवळीचं खत म्हणून गाडतो ते. अंबाडी भेंडीच्या कुळातली. तिला इंग्रजीत ‘डेक्कन हेम्प’, म्हणजे दख्खनी हेम्प, असंच नाव आहे. आणि वेरूळचं झाड खरोखर भांगेचं, ज्याच्या फुलोऱ्यापासून गांजा होतो. नशा असते ती फुलोऱ्यात आणि डिंकात. खोडाच्या दोरखंडी तंतूत ती नसल्यासारखीच. तरीही मशिदीच्या भिंतीत ते चालेल का, हा प्रश्न आपापल्या उलेमांना विचारावा. भाषेच्या शिक्षकाने फतवे देऊ नयेत.

तशी वेळही येत नाही, कारण कायदा आड येतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार हे झाड परवान्याशिवाय लावणं गुन्हा आहे. तंतू किंवा बियांसाठी लागवडीची परवानगी सरकार देऊ शकतं, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे आणि उत्तराखंडने तिचा उपयोग करून कमी नशेच्या जातींचे परवाने द्यायला सुरुवात केली. तिथल्या पौडी जिल्ह्यात यमकेश्वर भागात या झाडाच्या खोडाचा भुसा आणि चुना मिसळून एक घरही बांधलं गेलं आहे. ही रीत मूळची फ्रान्सची. १९८० च्या दशकात तिथे जुन्या लाकडी चौकटीच्या घरांची दुरुस्ती करताना लक्षात आलं की सिमेंट भरलं तर लाकूड कुजतं. मग खोडाच्या गाभ्याचे तुकडे चुन्यात कालवून चौकटीत भरायला सुरुवात झाली. हलकं, उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, ओल आली तर शोषणारं आणि पुन्हा सोडणारं. फक्त ते भार पेलत नाही. भार चौकटीनेच घ्यायचा. आज युरोपात अशी घरं खूप झाली. त्यांच्यासमोरही प्रश्न आपलाच होता : जुनं मोडायचं नाही, आणि नव्याने त्याला मारायचंही नाही.

गेवराईच्या माणसाने उत्तराखंडचा भुसा मागवून भिंत बांधावी असं आम्ही सुचवत नाही. भाड्यातच पैसे संपतील. आपल्याकडे अंबाडी आहे. कपाशीच्या, तुरीच्या कडेने एखादं तास अंबाडीचं टाकायची पद्धत अजून काही शेतांत आहे. पानांची भाजी ज्वारीच्या कण्या घालून आपण खातो, आमच्या घरी अम्मी त्यावर लसणाची फोडणी अशी ओततात की शेजारच्या गल्लीत कळतं. आणि खोडं पाण्यात कुजवून काढलेला वाख. त्याचाच कासरा, त्याचंच दावं, त्याचंच चऱ्हाट. पोळ्याच्या आधी बाजारात नायलॉनच्या ढिगात अजून दोन-चार जुन्या पद्धतीच्या दोऱ्या दिसतात. आम्ही मशिदीसाठी तो वाख घेतला. वेरूळच्या झाडाचे कीड रोखण्याचे गुण अंबाडीत आहेत असा दावा कोणी करू नये. भेगा धरून ठेवायचं काम मात्र ती चोख करते.

मोहल्ल्यात ऐंशीच्या घरातले एक मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. तरुणपणी त्यांनी वडिलांच्या हाताखाली चुन्याची कामं केली होती, नंतरची चाळीस वर्षं सिमेंटचीच. त्यांना विचारायला गेलो तर आधी हसले, म्हणाले, “सर, घाणी कुठाय?” चुन्याची घाणी म्हणजे गोल चरात फिरणारं दगडी चाक, बैल ते ओढायचा आणि चुना-वाळू-सुरखी त्यात तासन्‌तास मळली जायची. गावाबाहेरच्या एका शेतात लिंबाखाली तसं चाक आडवं पडलेलं आहे. त्यावर दुपारी मजूर भाकरी खायला बसतात. चर बुजून गेला. तेव्हा आम्ही हाताने कुटायचं ठरवलं.

कमिटीने किब्ल्याच्या भिंतीला हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. दक्षिणेच्या भिंतीचा आठ फुटांचा तुकडा मिळाला. पावसाळा संपल्यावर त्यावरचं सिमेंट छिन्नीने, हळूहळू काढलं. आपटून काढलं असतं तर आतले दगड हलले असते. मग दोन महिने भिंत उघडी ठेवली. रोज क्षार वर यायचा, मुअज्जिनसाहेब तो कोरड्या कुंच्याने झाडायचे. पाण्याने धुवायचा नाही, पाण्याबरोबर क्षार पुन्हा आत जातो. कुजलेल्या दोन तुळयांना टेकू देऊन टोकं कापली, नवं लाकूड जोडलं, आणि टोकांभोवती हवा खेळेल अशी थोडी जागा सोडली.

कळीचा चुना इथे मिळेना. कटनीचा की राजस्थानचा, कुठून तरी आलेला मागवला. दुकानात पिशवीतला चुना मिळतो, पण तो कधीचा ते कळत नाही. हवा लागून आधीच मेलेला असला तर भिंतीवर धरत नाही. चाचांचं वाक्य असं की “चुना जिंदा होना”. लोखंडी पिंपात पाणी आधी घेऊन त्यात खडे हळूहळू टाकले. उलट करायचं नाही. पाणी उकळतं, थेंब उडतात आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा, रबरी हातमोजे आणि पोरांना दूर ठेवणं, यात हयगय नको. डोळ्यात गेलाच तर भरपूर साध्या पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि थेट दवाखाना. विझलेला चुना वर दोन बोटं पाणी राहील असा महिनाभर झाकून ठेवला. तो लोण्यासारखा झाला (हे लोणी खायचं, भिंतीचा लोणा नव्हे).

एक घमेलं चुना, एक घमेलं सुरखी, दोन घमेली वाळू. वाळू गोदावरीची, चाळून आणि धुऊन. गेवराईत राहून गोदेची वाळू सरळ मार्गाने मिळवणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत अवघड काम होतं, याहून जास्त लिहीत नाही. सुरखी भट्टीवरच्या मोडक्या विटा कुटून केली. वाख बोटभर लांबीचा कापून, पिंजून, प्रत्येक कालव्याला एक मूठ. चाचांचा आग्रह होता की गुळाचं पाणी, बेलाचा गर आणि हिरड्याचं पाणी हवंच. जुने कारागीर हे घालायचे हे खरं आहे. त्याने कालवा चिकट होतो, हाताखाली चांगला चालतो. आम्ही गूळ आणि हिरडा घेतला. गूळ जरा जास्त पडला असावा, कारण चार दिवस मुंग्यांची जमात आमच्या जमातीपेक्षा मोठी होती.

भिंतीवर आधी पाणी मारलं. दोन हात, प्रत्येक हात अर्ध्या इंचापेक्षा जाड नाही, मध्ये आठ दिवसांचं अंतर. वर ओलं गोणपाट टांगून दहा दिवस ओल धरली. हे काम हिवाळ्यातच करावं. वैशाखात चुना धरायच्या आधीच सुकतो आणि भुकटी होऊन पडतो. शेवटी चुन्याच्या निवळीचे तीन हात. तेलरंग किंवा प्लास्टिक पेंट मारला तर सगळी मेहनत वाया, कारण पुन्हा तोंड बांधल्यासारखं होतं.

तेवढ्या तुकड्याला मजुरीचे अकरा दिवस लागले. सिमेंटने एका दिवसात झालं असतं, हे कमिटीच्या खजिनदारांनी आम्हाला बैठकीत दोनदा ऐकवलं. त्यांचं चूक नाही. साहित्य महाग पडत नाही, हात महाग पडतात.

त्यानंतर एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. आठ फुटांच्या तुकड्यावर ऑगस्टमध्ये पांढरी भुकटी आली, ती झाडली, गेली. पोपडा एकही नाही. एका कोपऱ्यात, जिथे खिडकीतून दुपारचं ऊन येतं, केसाएवढी भेग पडली आहे. शेजारच्या सिमेंटच्या भागात या वर्षीही दोन ठिकाणी गिलावा सुटला. एवढ्यावरून सिद्ध झालं असं आम्ही म्हणणार नाही. एक पावसाळा फार थोडा काळ आहे.

तरुणांचा मुद्दा याने संपत नाही, आणि तो हलका नाही. जुम्याला लोक गल्लीत उभे राहतात. एकाने आम्हाला तोंडावर विचारलं, “सर, भिंत वाचली, पण जागा कुठून आणायची?” याला चुन्यात उत्तर नाही. आमचं म्हणणं एवढंच की अंगणाच्या पूर्वेला जी मोकळी जागा आणि पत्र्याचं शेड आहे तिथे नवं बांधावं, दुमजली बांधावं, सिमेंटनेच बांधावं. दालन राहू द्यावं. पण नव्या कामाला देणगी सहज मिळते, तिच्यावर पाटी लागते. जुन्या भिंतीच्या दुरुस्तीवर कोणाच्या नावाची पाटी लावणार? परदेशात असलेल्या आपल्या मुलांनी पैसे पाठवताना याचा विचार करावा असं आम्हाला वाटतं. निर्णय अजून झालेला नाही. रमजानच्या आधी बैठक आहे.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना सांगायला हवी, ती घरांसाठी अधिक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. त्या रात्री हजारो माणसं आपल्याच घरांखाली गेली. तिथल्या भिंती जाड दगड-मातीच्या, आणि माळवदावर मातीचा प्रचंड बोजा. गळतं म्हणून दर वर्षी नवी पांढरी माती टाकायची, जुनी काढायची नाही. पन्नास वर्षांत छत कितीतरी जड होतं. चुन्याचा गिलावा कितीही चांगला केला तरी असं घर मजबूत होत नाही. गिलावा म्हणजे कपडा, हाडं वेगळी. म्हणून माळवदाच्या घरात राहत असाल तर भिंतीच्या रंगाआधी वर चढून मातीचा थर किती झाला ते मोजा, तुळयांची टोकं टोचून पाहा, भिंतीला पोट आलं आहे का ते ओळंबा लावून बघा. पोट आलेलं असेल तर गवंडी नको, इंजिनिअर बोलवा. आमच्या दालनाचं आम्ही तेच केलं आणि वरची फूटभर जुनी माती उतरवली.

आणि तुमचं घर किंवा मशीद एखाद्या संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत असेल तर दुरुस्तीलाही आधी परवानगी लागते. बीड, औरंगाबाद, दौलताबाद, खुलताबादच्या वाचकांनी हे विसरू नये. काम अर्धवट थांबलं की पाऊस थांबत नाही.

चाचांच्या हाताखाली सध्या दोन मुलं चुना मळायला शिकत आहेत. एक त्यांचाच नातू, दुसरा आमचा जुना विद्यार्थी, जो दहावीला आमच्या विषयात दोनदा बसला होता आणि आता गिलाव्यावर असा हात फिरवतो की पाहत राहावं. त्यांना एक चालू घाणी हवी आहे. मराठवाड्यात कुठे चुन्याची घाणी अजून फिरत असेल, कुठे भट्टी पेटत असेल किंवा अंबाडीचा वाख घरी काढणारं कोणी असेल, तर मासिकाच्या पत्त्यावर आम्हाला कळवा. बंद पडलेली घाणी असली तरी कळवा. चाक आणि चर शाबूत असेल तर त्याचा फोटो काढताना शेजारी एक वीट ठेवा, म्हणजे मापाचा अंदाज येईल.